कुमसार

शेजारच्या आंटींनी कंपाउंडची भिंत पाडायला गवंडी बोलावला तेव्हा मला वाटले, नवी बांधायची असेल. मुलगा तारवटी, बोटीवरून चार महिन्यांच्या रजेवर आलेला. अशा रजेत आमच्या बार्देशात, उत्तर गोव्यात, घरांना रंग लागतो, बाल्कांवाच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, फरश्या बदलतात. पण आंटी मेजपट्टीचे एक टोक धरून आमच्या मोगरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. दुसरे टोक धरून मुलगा पलीकडे. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, ही भिंत तुमच्या जागेत दीड हात आत आहे. माझ्या सासऱ्याने मेरेचा दगड रात्री सरकवला होता. कंदील मी धरला होता.

ते साल 2015. त्या जानेवारीत पोप फ्रान्सिसनी कोलंबोला बाणावलीच्या जुझे वाझ यांना संत घोषित केले होते आणि आमच्या वाड्यावर सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. मग कोरेज्म लागला, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ. आंटी कुमसाराला जाऊन आल्या होत्या. कुमसार म्हणजे पाद्रीपुढे पाप कबूल करणे. शब्द पोर्तुगीजातून आलेला, पण आता इथल्या चिऱ्यांइतका इथलाच. कुमसारात ऐकलेले पाद्री कुणालाही सांगू शकत नाही. सांगणाऱ्यावर मात्र तसे बंधन नसते. म्हणून आंटी मला सांगू शकल्या.

भिंत तीन दिवसांत उतरली. एकेक शेवाळलेला चिरा सोडणाने घासून त्यांनी तोच परत वापरायला लावला. भिंत होती तिथे जमिनीत एक काळी, ओलसर पट्टी उरली, तिच्यात गांडुळे वळवळत होती. ती पट्टी आमची झाली. मी तिथे अबोलीची रोपे लावली.

तोवर कुमसाराबद्दल माझी समजूत अशी होती की गुडघे टेकायचे, सांगायचे, क्षमा मिळाली की मोकळे. लग्नाच्या पंगतीत 'त्यांचे बरे आहे, दर आठवड्याला पाप धुऊन मिळते' असे बोलणे मी ऐकले आहे आणि वर मानही डोलावली आहे. आंटींनी मला नीट समजावले. चोरी केली असेल तर नुसते सांगून भागत नाही. "घेतिल्लें परत दिवंक जाय, बाये." ज्याचे घेतले तो मेला असेल तर त्याच्या मुलाबाळांना द्यायचे, मुलेबाळे नसतील तर गोरगरिबांना. परत देण्याची तयारी नसेल तर ती कबुली कबुलीच होत नाही. मग त्यांनी जक्कयाची गोष्ट सांगितली. हा यरीहोचा जकात गोळा करणारा, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. ठेंगणा म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्याच घरी जेवायला गेला, तेव्हा तो उभा राहून म्हणाला की मी कुणाचे लुबाडून घेतले असेल तर चौपट परत देईन. आंटी म्हणाल्या, मला चौपट झेपणार नाही, दीड हातच देते.

मला ही गोष्ट सांगणाऱ्या बाई एके काळच्या आमच्या भाटकारणी, म्हणजे जमीनदारीण. त्यांची भाट फार मोठी नव्हती, चार शेते आणि डोंगराच्या पायथ्याची काजूची जमीन, पण भाटकार ते भाटकार. माझे सासरे त्यांचे कूळ. सत्तरच्या दशकात कसेल त्याची जमीन झाली आणि शेत आमच्या नावावर आले. काजूची जमीन सासऱ्यांनी पुढे रीतसर विकत घेतली, साठवलेल्या पैशातून. आंटींच्या नवऱ्याने कोर्टकज्जा केला नाही. शेत गेले म्हणून त्या घरातून एक वावगा शब्द मी कधी ऐकला नाही. कणसांच्या फेस्ताला चर्चमधून आशीर्वाद घेऊन आलेल्या कणसांची एक जुडी आमच्या दाराला यायची ती येतच राहिली, आणि आमच्या चवथीच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जात राहिल्या.

आणि ती काजूची जमीन आम्ही 2009 मध्ये विकली. दिरांची आणि माझ्या यजमानांची सही, खाली माझीही. शेत पडीक टाकले होतेच. घेणारा बाहेरगावचा, त्याने मोबाइलवर डोंगराचे फोटो काढले आणि जमिनीवर एकदाही न बसता निघून गेला. मिळालेल्या पैशात आमची माडी झाली, मुलाचे पुण्यातले शिक्षण झाले. आम्ही काही बेकायदा केले नाही. हे वाक्य मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटले आहे की ते मला तोंडपाठ आहे.

शवप्रदर्शनाच्या वर्षीचा, 2024 चा ऑक्टोबर वाईट गेला. सायबाच्या, म्हणजे जुन्या गोव्यात ठेवलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या, शवाबद्दल एक वक्तव्य झाले, लोक पेटले, मडगावात रस्ते अडवले गेले. त्या आठवड्यात आंटी आणि मी कुंपणापाशी भेटायचो आणि पावसाबद्दलच बोलायचो. पस्तीस वर्षांच्या शेजारात आम्हाला विषय कधी शोधावा लागला नव्हता. शेवटी त्याच म्हणाल्या, डिसेंबरात जुन्या गोव्याला चालत जायचे आहे, गुडघे साथ देतील की नाही कोण जाणे, तू येशील का? मी हो म्हटले.

नोव्हेनाच्या दिवसांत रस्ता वेगळाच असतो. 3 डिसेंबरच्या फेस्ताआधी नऊ दिवस सावंतवाडी, बेळगाव, कारवारकडून लोक पायी येतात. म्हापशाच्या पुढे आम्हाला सिंधुदुर्गातला एक जथा भेटला. पुढे काठीला लावलेला क्रूस, मागे बायामाणसे, एका टेम्पोत चहाचे पातेले आणि चटया. ते मराठीत गात होते. चालण्याच्या ठेक्यावर, एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे, अगदी दिंडीसारखे. मी मराठी शाळेत तीस वर्षे शिकवले, पण ख्रिस्ताचे गाणे मराठीत, रस्त्यावर, पहाटेच्या काळोखात मी पहिल्यांदा ऐकत होते. खरे तर यात नवल नाही. राशोलच्या छापखान्यात 1616 साली ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली गेली होती, एका इंग्रज जेजुइट पाद्रीने रचलेली. वर्गात ही माहिती मी दरवर्षी सांगत आले. त्या जथ्यातल्या एका म्हाताऱ्याने चालता चालता मला शेंगदाण्याचा लाडू दिला तेव्हा ती माहिती माझ्या कानापर्यंत आली.

मांडवीच्या पुलावर पोचलो तेव्हा फटफटत होते. खाली नदीत कॅसिनोंच्या बोटी उभ्या. सहाही बोटींचे दिवे अजून जळत होते आणि पाण्यात हिरवे-जांभळे पट्टे हलत होते. गाणाऱ्यांचा आवाज तिथे आपोआप खाली आला. कुणी काही बोलले नाही, एका बाईने फक्त पदर डोक्यावरून पुढे ओढला. या बोटी मांडवीतून हलवू असे मी किती निवडणुकांत ऐकले ते आता आठवतही नाही. विद्यार्थ्याने गृहपाठाबद्दल एकदा सांगितलेली थाप मी ऐकून घेत असे, दुसऱ्यांदा नाही. थाप मारणारा मोठा असला की आपण इतके उदार का होतो, हे मला कळत नाही.

जुन्या गोव्यात रांग लांब होती. प्रदर्शनाच्या दिवसांत शव बॉम जेझू चर्चमधून रस्त्यापलीकडच्या सें कॅथेड्रलमध्ये नेऊन ठेवतात. 21 नोव्हेंबर ते 5 जानेवारी असा तो काळ होता, दहा वर्षांनी एकदा येणारा. आम्ही तीन तास उभ्या होतो. माझ्या पुढे नऊवारीतली एक आजी आणि तिची नात, मागे तमिळ बोलणारे एक कुटुंब. प्रत्यक्ष दर्शन काही क्षणांचेच. काचेमागे काळवंडलेला, आक्रसलेला एक देह, 1552 च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर मेलेल्या माणसाचा. आंटींनी काचेला हात लावला आणि ओठ हलवले. मी हात जोडले. कुणाला जोडतेय याचा तेव्हा विचार केला नाही, परत येताना बसमध्ये केला.

कारण मला या माणसाबद्दल दोन गोष्टी ठाऊक आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. 1545 साली कोचीहून आपल्या पोर्तुगालातल्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याने बजावले होते की तुझ्या ओळखीच्यांना अधिकारी करून इकडे पाठवू नकोस. इथे सगळे 'लुटणे' हे एकच क्रियापद चालवतात आणि त्याची नवनवी रूपे शोधून काढतात. मी व्याकरण शिकवलेली बाई, ते वाक्य वाचल्यापासून विसरू शकले नाही. आणि दुसरी गोष्ट, पुढच्याच वर्षी राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आणा अशी मागणी करणारा माणूसही हाच. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1560 मध्ये आले आणि 1812 पर्यंत राहिले.

इथे मला माझ्या माहेरच्या लोकांचा प्रश्न ऐकू येतो. परत देण्याच्या गोष्टी करता, मग आमची देवळे? मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. रातोरात, नदीपलीकडे, मूर्ती उराशी धरून. हा प्रश्न खोटा नाही आणि तो विचारणाऱ्याला मी गप्प करणार नाही. माझ्या माहेरचे कुलदैवत असेच स्थलांतरित आहे. पोप जॉन पॉल यांनी 12 मार्च 2000 रोजी रोमला भर उपासनेत चर्चच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पापांची क्षमा मागितली होती, सत्याच्या नावाखाली वापरलेल्या जबरदस्तीचीसुद्धा. काहींना ते पुरेसे वाटते, काहींना नाही. पण चारशे साठ वर्षांपूर्वीच्या हिशेबासाठी आंटींना कुंपणापाशी उभे करायचे, हे माझ्याच्याने होत नाही. त्यांच्या हातात कंदील होता तो त्यांनी कबूल केला, भिंत त्यांच्या हातात होती ती त्यांनी हलवली. माझ्या हातात काय होते, हा प्रश्न मी इतिहासाच्या आडोशाला बसून टाळत आले.

तो प्रश्न वर्तमानपत्रातून आला. सरकारी नोटिसांचे पान मी सहसा उलटून टाकते. त्या दिवशी चष्मा लावून बसले होते म्हणून दिसले. बारीक अक्षरांतला तक्ता: गाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आधीचा वापर, नवा वापर. त्यात आमचा क्रमांक. आता आमचा नसलेला, पण आमचाच. बागायतीची जमीन वस्तीसाठी करण्याचा प्रस्ताव. नगरनियोजन कायद्यात 2023 साली 17(2) हे कलम घातले गेले, त्याखाली. 'प्रादेशिक आराखडा 2021' या नावाच्या आराखड्यात अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी ते आहे, असे सांगितले गेले.

चूक! सासऱ्यांनी ज्या झाडांखाली बोंडे तुडवली, ज्या उतारावरून जूनमध्ये पाणी मुरत मुरत खाली आमच्या दोघींच्या विहिरींत यायचे, ती जमीन बागायत दाखवली गेली ही म्हणे चूक. आयुष्यभर वह्या तपासल्या, तांबडी शाई कशावर मारायची हे मला कळते. इथे बरोबर उत्तरावर फुली मारली होती. आणि ही चूक कबूल करणारा तक्त्यात कुठेच नव्हता. कुणाच्या हातून झाली, तिचा फायदा कुणाला, नुकसान कुणाचे, काही नाही. कबुलीशिवायची ही दुरुस्ती, आणि परत देण्याऐवजी आणखी घेणे. 2016 मध्ये अनधिकृत बांधकामे नियमित करणारा कायदा झाला तेव्हाही मला असेच वाटले होते. ज्याला दुसरे छप्परच नाही त्याचे घर वाचावे, हे मी मनापासून म्हणते. पण शेत बुजवून बंगला बांधणारा त्याच रांगेत उभा राहतो आणि फी भरून निर्दोष होऊन बाहेर पडतो.

मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द ठरवले. बातमी वाचून मी आंटींकडे धावत गेले. तोवर आमच्या डोंगराची पायथ्याची बाजू कापून झाली होती. तांबडी भेग आमच्या माडीवरून दिसते, माझ्याच पैशाच्या माडीवरून.

एप्रिलमध्ये आंटींच्या विहिरीचा तळ दिसला. त्यांच्या लग्नापासून पहिल्यांदा. आमच्या विहिरीतही कळशी बुडायला दोर हलवावा लागत होता. ईस्टरच्या सोमवारी, 21 तारखेला, दुपारी चर्चची घंटा संथपणे, थांबून थांबून वाजू लागली. पोप फ्रान्सिस गेले. आदल्याच दिवशी आंटींनी टीव्हीवर त्यांना आशीर्वाद देताना पाहिले होते. मी गेले तेव्हा त्या बाल्कांवावर बसून रडत होत्या आणि मांडीवर पाटीत मोगऱ्याच्या कळ्या तशाच पडल्या होत्या. पुढे मे महिन्यात नवा पोप निवडायला जमलेल्या 133 कार्दिनालांत आपले गोव्याचे फिलीप नेरी फेर्रांव होते, याचा अभिमान त्यांच्या इतकाच मलाही वाटला. तो सोमवार मात्र निव्वळ दुःखाचा होता.

त्याच दुपारी त्या म्हणाल्या, हे ज्युबिलीचे वर्ष. पंचवीस वर्षांनी येते. मुळात पन्नास वर्षांनी यायचे. मोशेच्या नियमशास्त्रात लिहिले आहे की पन्नासावे वर्ष लागले की शिंग फुंकायचे, विकली गेलेली जमीन ज्याची त्याला परत, गुलाम मोकळे. जमीन कायमची विकायचीच नाही, ती देवाची. मग त्या अगदी सहज म्हणाल्या, आमच्या फिर्गजेचे, म्हणजे पॅरिशचे, पाद्री मिसानंतर, रविवारच्या उपासनेनंतर, सांगतात की ग्रामसभेला जा, डोंगर हा प्रार्थनेचाही विषय आहे. आम्ही जातो, पण तिथे म्हणतात, हा चर्चवाल्यांचा विषय.

मला ते ठाऊक होते. ग्रामसभा रविवारी भरते. मिस सुटले की त्यांच्या बायका फेस्ताचे कपडे न बदलता थेट पंचायतीच्या सभागृहात येतात, आणि आपले लोक मागे बसून कुजबुजतात, आले बघा, पाद्रीने पाठवलेले. पाणी पिताना मात्र कुणी विहिरीला तिचा धर्म विचारत नाही. मी स्वतः त्या मागच्या रांगेत बसले आहे. डोंगर कापायला यंत्रे आली तेव्हाही बसले होते. आंटी बोलायला उभ्या राहिल्या होत्या, आणि ती जमीन कुणी विकली असे कुणीतरी ओरडले होते. आंटींना माहीत होते. त्यांनी सांगितले नाही. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

जुलैच्या ग्रामसभेला पाऊस कोसळत होता. आंटी फाटकापाशी छत्री घेऊन उभ्या होत्या, आम्ही एकाच छत्रीतून गेलो. पत्र्याच्या आवाजात सरपंचांचे बोलणे नीट ऐकू येत नव्हते. डोंगराचा विषय निघाला, आणि मी पुढे जाऊन माइक हातात घेतला. पाय लटपटत होते. मी म्हटले, ही जमीन आम्ही विकली, 2009 मध्ये. सही माझी आहे. तेव्हा मी विचारले नाही की घेणारा तिचे काय करणार. पैसे मी परत देऊ शकत नाही, माडीत गेले. आमचे शेत अजून आमच्या नावावर आहे. ते पडीक आहे. ते मी विकणार नाही, आणि या पावसात कसायला लावते, ज्याला कसायचे त्याने यावे, खंड नको. आणि डोंगराचा उरलेला भाग कापू नये असा ठराव मी मांडते आहे.

मागच्या रांगेत शांतता होती. मग कुणीतरी बाक ओढल्याचा आवाज आला. सचिव मान खाली घालून लिहीत होते. त्यांनी वर न बघता विचारले, "सर्व्हे क्रमांक?"

मला तो त्या क्षणी आठवेना. इतकी वर्षे डोळ्यांपुढे असलेला आकडा गेलाच. मी मागे वळून पाहिले. आंटी खुर्चीचा आधार घेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो पोटविभागासकट सांगितला. मग सचिवांना ऐकू गेला नसेल म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने.